डेनिस पॉटर : केसपेपरात न मावलेला लेखक



या व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक बोलले, लेखक बोलले, नाटकवाले बोलले. यंदा होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावलंय म्हटल्यावर काही मंडळी संधिवातावर चार गोष्टी ऐकायला मिळतील या आशेने आली असतील. त्यांची अगदीच निराशा होणार नाही. माझा आजचा विषय डेनिस पॉटर हा ब्रिटिश नाटककार आणि टेलिव्हिजन लेखक आहे, आणि पंचविशी ओलांडल्यापासून मरेपर्यंत त्याचे सांधे त्याला छळत होते.

माझी मुलगी इंग्लंडला असते. काही वर्षांपूर्वी येताना तिने 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' या मालिकेच्या डीव्हीडी आणल्या. "बाबा, यातला पेशंट तुमच्या कामाचा आहे, बघा," एवढंच म्हणाली. मी बघितली. पहिल्या वेळी आजार बघितला, दुसऱ्या वेळी गोष्ट बघितली. मग या माणसाचं जे जे मिळालं ते मिळवून बघत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पॉटरचा जन्म १७ मे १९३५ चा. ग्लॉस्टरशायरमध्ये सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या मध्ये फॉरेस्ट ऑफ डीन नावाचा जंगलपट्टा आहे, तिथल्या बेरी हिल या खेड्यातला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. आजूबाजूच्या लोकांपासून जरा तुटलेला, आपल्याच बोलीत बोलणारा, चर्च आणि ब्रास बँडच्या आधाराने जगणारा हा समाज. डेनिस हुशार निघाला. ग्रामर स्कूलमध्ये गेला, लष्करी सेवेत रशियन शिकला आणि तिथून ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये पोचला. खाणकामगाराच्या पोराने ऑक्सफर्डला जायचं म्हणजे घरी एक बोली आणि कॉलेजात दुसरी. आपल्याकडे हे समजावून सांगायला नको. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी बोलत आपण मोठे झालो. कुठल्या उंबऱ्यावर कुठली भाषा काढून ठेवायची, हे आपल्या पोरांना चालायच्या आधी कळतं.

१९५८ मध्ये विद्यार्थी असतानाच पॉटर बीबीसीच्या एका कार्यक्रमात दिसला. विषय होता वर्गभेद. शिक्षणामुळे आपण घरापासून कसे दुरावलो, हे त्याने तिथे उघड सांगितलं, आणि ते त्याच्या घरच्यांना लागलं. सात वर्षांनी त्याने तोच प्रसंग 'स्टँड अप, नायजेल बार्टन' या नाटकात घातला. नायजेल टीव्हीवर आपल्या घराविषयी बोलतो आणि त्याचे आईवडील घरच्या दिवाणखान्यात बसून ते बघतात. आई दुखावते. तिला वाटतं, पोराने आपल्या घराला गलिच्छ म्हटलं. इथे पॉटर स्वतःची बाजू मांडत बसत नाही, तो आईच्या चेहऱ्याकडे बघायला लावतो. आपल्या हातून झालेली दुखापत पुन्हा उघडी करून, ज्याला लागली त्याच्या बाजूने तिच्याकडे बघणं, ही त्याची सवय इथूनच दिसते.

त्याला खरं तर राजकारणात जायचं होतं. १९६४ च्या निवडणुकीत तो पूर्व हर्टफर्डशायरमधून मजूर पक्षातर्फे उभा राहिला आणि पडला. तोवर आजार सुरू झाला होता. सोरायटिक आर्थ्रोपथी. सोरायसिस म्हणजे त्वचेवर लाल चट्टे उठतात आणि त्यावर चंदेरी खवले धरतात. हा काही सर्वांच्याच सांध्यांत उतरत नाही, पण ज्यांच्या उतरतो त्यांचे सांधे सुजतात, आखडतात आणि काहींचे कायमचे वाकडे होतात. पॉटरची बोटं अशी मुठीसारखी वळली. भडका उडाला की सगळी कातडी सोलल्यासारखी व्हायची, ताप चढायचा, मान वळायची नाही. दारोदार फिरून मतं मागणारा माणूस आता खोलीत बसून लिहायला लागला. मुठीत पेन अडकवून तो हाताने लिहायचा.

त्याने टेलिव्हिजन निवडलं, ते रंगभूमीवर जागा मिळाली नाही म्हणून नव्हे. थेट रंगभूमीसाठी त्याने एकच नाटक लिहिलं, १९८३ चं 'सफिशिअंट कार्बोहायड्रेट'. लंडनच्या नाट्यगृहात कोण जातं हे त्याला माहीत होतं. त्याचे वडील तिथे गेले नसते. पण तेव्हा ब्रिटनमध्ये वाहिन्या मोजून तीन होत्या. बुधवारी रात्री बीबीसीवर 'द वेनस्डे प्ले' लागलं की खाणीतून आलेला कामगार आणि ऑक्सफर्डचा प्राध्यापक एकाच वेळी एकच नाटक बघत. दोघांनाही दुसऱ्या दिवशी त्यावर बोलता येत असे. घर आणि कॉलेज यांच्यामध्ये फाटलेल्या माणसाला ही एकच जागा अशी दिसली की जिथे दोन्हीकडचे लोक एकत्र बसतात.

१९६५ या एका वर्षात त्याची चार नाटकं टीव्हीवर आली. त्यातलं निवडणुकीवरचं 'व्होट, व्होट, व्होट फॉर नायजेल बार्टन' जूनमध्ये दाखवायचं ठरलं होतं. बीबीसीने ते ऐन वेळी मागे घेतलं आणि बदल करून डिसेंबरमध्ये दाखवलं. पुढे १९७६ मध्ये 'ब्रिमस्टोन अँड ट्रीकल' हे नाटक चित्रित होऊन तयार असताना बीबीसीच्या वरिष्ठांनी अडवलं, ते प्रेक्षकांसमोर यायला १९८७ उजाडलं. ज्या संस्थेवर त्याचा जीव होता तिच्याशीच त्याचं आयुष्यभर भांडण चाललं.

१९७८ मध्ये 'पेनीज फ्रॉम हेवन' ही सहा भागांची मालिका आली. काळ १९३०च्या दशकातला. आर्थर पार्कर नावाचा, गाण्यांचे छापील कागद विकणारा फिरता विक्रेता. बॉब हॉस्किन्सने ती भूमिका केली. बोलता बोलता पात्रं अचानक गाऊ लागतात, पण गात नाहीत. जुनी तबकडी वाजते आणि नट नुसते ओठ हलवतात. पहिल्याच भागात पुरुषाच्या तोंडून बाईचा आवाज येतो. ब्रिटिश प्रेक्षकाला हे फार नवं होतं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, आपण जन्मभर पार्श्वगायनाचा सिनेमा बघत आलोय. तरी फरक लक्षात घ्या. आपल्या सिनेमात आवाज नटाचाच आहे असं मानून चालायचं असतं. आपल्या संगीत नाटकात तर नट स्वतःच गायचा. ज्यांनी 'सौभद्र' उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यामुळे हे तुम्हाला मी सांगायला नको. पॉटर मात्र हा आवाज या माणसाचा नव्हे, हे झाकत नाही. आर्थर खोटं बोलतो, बायकांना फसवतो, पण त्या स्वस्त गाण्यांत जे सुख सांगितलंय ते कुठेतरी खरंच असणार, असा त्याचा भाबडा विश्वास आहे. स्वतःच्या भाषेत त्याला ते सांगता येत नाही, म्हणून तो उसन्या आवाजात सांगतो.

पुढच्याच वर्षी 'ब्लू रिमेम्बर्ड हिल्स'. १९४३ चा उन्हाळा, जंगलातली सात मुलं, एक दुपार. सातही मुलांची कामं मोठ्या नटांनी केलीत. तुंदिलतनू माणूस अर्ध्या चड्डीत धावतो आणि सुरुवातीला हसू येतं. मग मुलं एका दुबळ्या मुलाला छळतात, तो धान्याच्या कोठारात आगीत जळून मरतो, आणि आपण तिथे नव्हतोच असं बाकीची सहाजणं ठरवतात. लहान नट असते तर आपण 'पोरंच ती' म्हणून सोडून दिलं असतं. मोठ्या माणसांच्या अंगावर ते दिसलं की सोडून देता येत नाही.

आता 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह'कडे येतो. १९८६ सालची सहा भागांची मालिका, दिग्दर्शक जॉन एमिल, मुख्य भूमिकेत मायकल गँबन. फिलिप मार्लो नावाचा रहस्यकथाकार हॉस्पिटलमध्ये पडलाय. आजार पॉटरचाच. हात वळलेले, अंगभर खवले, मान हलत नाही, सिगारेट पेटवायची तरी दुसऱ्याने. तोंड मात्र तिखट. मोठे डॉक्टर लवाजम्यासह राउंडला येतात. त्याच्या उशाशी उभे राहून त्याच्याविषयी बोलतात, त्याच्याशी बोलत नाहीत. तो कळवळून काही सांगायचा प्रयत्न करतो, रडतो. त्यावर डॉक्टर मंडळी एकमेकांकडे बघून औषधांची नावं घेऊ लागतात. आणि नावं घेता घेता तेच डॉक्टर आणि नर्स हाडांवरचं एक जुनं गमतीचं गाणं म्हणत नाचायला लागतात. तेही अर्थात तबकडीच्या आवाजावर ओठ हलवत.

ते दृश्य मी हसत बघितलं आणि नंतर मला चैन पडेना. आमच्या शास्त्राचे संस्थापक हानेमान यांनी 'ऑर्गेनन'च्या ८४व्या सूत्रात सांगून ठेवलंय की रुग्ण बोलत असताना वैद्याने गप्प बसावं, त्याला मध्ये तोडू नये. ते वाक्य मी पाठ करून परीक्षा दिली. पुढे ओपीडीत चाळीस माणसं बसलेली असताना ते किती पाळलं, ते माझं मला ठाऊक.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडा बदलून सांगतो. एक बाई पित्ताची तक्रार घेऊन आल्या. मे महिना, तरी अंगात पूर्ण बाह्यांचं पोलकं. मी पित्ताचं विचारलं, लिहिलं, पुड्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी संध्याकाळी आल्या आणि वीज गेली. केसपेपर दिसेना, म्हणून पेन खाली ठेवलं आणि नुसता बसून राहिलो. त्या अंधारात त्या बोलू लागल्या. मुलीचं स्थळ मोडलं होतं. पाहुण्यांनी चहा देताना यांच्या कोपरावरचे चट्टे बघितले होते, आणि घरातल्यांनी बोल यांनाच लावला होता. वीज आल्यावर त्यांनी बाही वर केली. सोरायसिस. पित्तही खोटं नव्हतं, पण ते दारात ठेवण्यापुरतं होतं. मी पेन हातात धरून बसलो असतो तर चौथ्या वेळीही पित्ताचंच औषध दिलं असतं.

मार्लोचं असंच आहे. तो अंथरुणावर पडल्या पडल्या आपली रहस्यकथा मनात पुन्हा रचतोय. रात्रीचं लंडन, नदीत बाईचं प्रेत, हॅट घातलेला गाणारा डिटेक्टिव्ह. ही झाली दारातली तक्रार. गिबन नावाचे मानसोपचाराचे डॉक्टर तीच रहस्यकथा वाचतात आणि त्यातून प्रश्न काढतात. हळूहळू त्या कथेत जंगल शिरतं. झाडावर चढून बसलेला एक मुलगा दिसतो. त्याने आईला परपुरुषाबरोबर बघितलंय. पुढे आई नदीत जीव देते. त्याच मुलाने शाळेत बाईंच्या टेबलावर घाण केली आणि नाव दुसऱ्याच मुलाचं घेतलं. ज्याचं नाव घेतलं तो त्या परपुरुषाचा मुलगा. त्याने निमूट मार खाल्ला आणि मोठेपणी त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. हे सांगून होईपर्यंत मार्लोला उभं राहता येत नाही. शेवटी तो डिटेक्टिव्हची हॅट डोक्यावर घालून बायकोच्या हाताला धरून वॉर्डातून चालत बाहेर पडतो.

म्हणजे मनातलं बोलल्याने सोरायसिस बरा होतो का? मी डॉक्टर म्हणून तसं सांगणार नाही. मनावरच्या ताणाने हा आजार भडकतो हे आम्ही रोज बघतो, पण पॉटर स्वतः कितीही बोलला, लिहिला तरी बरा झाला नाही. १९७७ मध्ये त्याला मूळ कर्करोगासाठी बनवलेलं एक औषध दिलं गेलं, त्याने बराच आराम पडला. पुढे मेथोट्रेक्सेटही चाललं. आजार जन्मभर राहिला. मार्लो चालत बाहेर पडतो ते औषधशास्त्राच्या हिशेबाने बघू नये. आपल्या हातून घडलेलं त्याने कबूल केलं, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता माझ्या आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. लेखक आणि पात्र यांचा आजार एक, गाव एक, शाळा तशीच. मग ही पॉटरचीच आत्मकथा, असं म्हणण्याचा मोह होतो. मलाही झाला. पॉटर मात्र ते सतत नाकारत राहिला. या मोहाने काय होतं त्याचं उदाहरण आहे. टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस रेडिओवरच्या एका मुलाखतीत म्हणाल्या, की पॉटरने लहानपणी आपल्या आईला असं बघितलं आणि त्या धक्क्याने तो आजारी पडला. पॉटरची आई हयात होती. तिने दावा लावला, आणि बीबीसीला आणि 'द लिसनर' या साप्ताहिकाला तिला भरपाई द्यावी लागली. नाटकातल्या आईचं पाप खऱ्या आईच्या माथी मारलं गेलं होतं.

आम्ही डॉक्टर, आणि तुम्ही साहित्याचे अभ्यासकही, एकच चूक करतो. लक्षण दिसलं की कारण चिकटवून फाइल बंद करतो. पॉटरच्या आयुष्यात खरी जखम होती. दहा वर्षांचा असताना लंडनमध्ये एका नातेवाइकाने त्याच्यावर लैंगिक अत्याचार केला होता, आणि याविषयी तो पुढे बोलला. पण ती जखम त्याने जशीच्या तशी नाटकात ओतली नाही. आपला आजार, आपलं जंगल त्याने दुसऱ्या माणसाला दिलं आणि त्या माणसाची आई, बायको, पाप वेगळं ठेवलं. आपलं दुःख कोणाच्या तोंडी द्यायचं आणि किती द्यायचं, हे सांगणाऱ्याने ठरवायचं असतं. रुग्णालाही तो हक्क आहे. लेखकाला तर आहेच.

त्याचं सगळंच सरस होतं असं मी म्हणत नाही. १९८९ ची 'ब्लॅकआइज' त्याने स्वतः दिग्दर्शित केली. पुरुषांची बाईकडे बघण्याची नजर दाखवायची म्हणता म्हणता कॅमेऱ्याची नजर तशीच झाली, अशी टीका झाली. मला ती रास्त वाटते. मार्लोच्या मनातला बायकांविषयीचा संशय आणि पॉटरचा, यांच्यामधली रेघ तिथे पुसट होते. आत्ता मी लेखकाच्या ज्या हक्काविषयी बोललो तो वापरताना तो स्वतःही कधी घसरला.

१४ फेब्रुवारी १९९४ रोजी त्याला सांगण्यात आलं की स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि तो यकृतात पसरलाय. उपाय नव्हता. मार्चमध्ये मेल्विन ब्रॅग यांनी त्याची मुलाखत घेतली, ती ५ एप्रिलला चॅनल फोरवर दाखवली गेली. समोर मॉर्फिनच्या द्रवाची बाटली. वेदना वाढली की मध्येच थांबून घोट घेतो आणि पुढे बोलतो. आपल्या गाठीला त्याने रूपर्ट हे नाव दिलं होतं, वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्यावरून. लिहिण्याच्या खिडकीबाहेर मोहोर आलेलं झाड आहे, ते यंदा पूर्वी कधी नव्हतं इतकं पांढरंशुभ्र दिसतं, असं तो सांगतो. मरण जवळ आल्यामुळे आजचा दिवस किती स्वच्छ दिसतो, हे सांगताना त्याचा चेहरा खरोखर आनंदी आहे.

आमच्या घरात समाधिमरणाच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. एकेक वस्तू सोडत जायची, शेवटी देहही. या माणसाच्या एका हातात सिगारेट आणि समोर दारूचा पेला. त्याने काही सोडलं नव्हतं. उलट त्याला वेळ हवा होता, कारण दोन मालिका अपुऱ्या होत्या. तरीही भीती नव्हती, तक्रार नव्हती, हे मला ओळखीचं वाटलं. घरी पत्नी मार्गारेट त्याची सेवा करत होती, आणि तिला स्वतःला स्तनाचा कर्करोग होता. ती २९ मे रोजी गेली. तो नऊ दिवसांनी, ७ जूनला. लिखाण त्याआधी पुरं झालं होतं.

त्या दोन मालिका म्हणजे 'कॅराओके' आणि 'कोल्ड लॅझरस'. मुलाखतीतच त्याने विनंती केली होती की बीबीसी आणि चॅनल फोर या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून त्या दाखवाव्यात. १९९६ मध्ये तसं झालं. पैकी 'कोल्ड लॅझरस' चोविसाव्या शतकात घडते. डॅनियल फील्ड या मेलेल्या लेखकाचं डोकं गोठवून ठेवलंय, शास्त्रज्ञ त्यातल्या आठवणी यंत्राने बाहेर काढतात, आणि एक मीडियासम्राट त्या आठवणी मनोरंजन म्हणून जगाला विकायला निघतो. जंगलातलं बालपण, तिथे झालेला अत्याचार, सगळं पडद्यावर दिसतं. पण सांगणारा कोणी नाही. तिसऱ्या भेटीपर्यंत थांबायची मुभा नाही, पित्ताचं सांगून वेळ काढायची सोय नाही, दुसऱ्याच्या तोंडी घालायची सोय नाही. ते डोकं एकच मागतं, मला जाऊ द्या. आणि शेवटी एकजण त्याला जाऊ देतो.

मॉर्फिनचे घोट घेत, मुठीत पेन धरून पॉटरने हे शेवटचं लिहिलं. आपल्या घराण्यांतूनही अशा बऱ्याच गोष्टी आहेत, ज्या कोणी कधी सरळ सांगितल्या नाहीत. आजीने ओवीत घातल्या, काकांनी दुसऱ्याच्या नावावर सांगितल्या. त्या ऐकताना 'हे नेमकं कोणाचं?' असं विचारायची घाई करू नये, एवढं मी पॉटरकडून शिकलो. दवाखान्यात अजून विसरतो. मग वीज गेलेली ती संध्याकाळ आठवतो आणि पेन खाली ठेवतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मध्ये तोडलं नाहीत. हानेमानही खूश झाले असते.